डावा पीळ

सकाळचा पोरांचा खेळ सुटला
की चष्मे गोळा करायचं काम माझं आणि फ्लेवियाचं.
दोनशे सोळा.
धुवायचे, पुसायचे, मोजायचे.
पॉपकॉर्नच्या तुपकट बोटांचे ठसे
एकेका काचेवरून घालवायचे.

मागच्या दाराशी, जिथून मुलुंडचा डोंगर दिसतो,
कण्हेरीच्या कुंडीत तो बसला होता.
भुंगेरा. अंगठ्याच्या नखाएवढा. हिरवा.
कुठला हिरवा, ते सांगता येत नाही.
कैरीचा नाही, चुड्याचा नाही,
घासलेल्या पितळेनं हिरवं व्हायचं ठरवलं
तर होईल तसा.

एक चष्मा माझ्या डोक्यावर राहिलेला.
सवयीनं खाली ओढला,
उन्हानं उजवा डोळा मिटला: हिरवा.
उजवा उघडून डावा मिटला: काळा.
फ्यूज काढावा तसा विझला.
पुन्हा. हिरवा.
पुन्हा. काळा.
फ्लेविया म्हणाली, मेला काय गं तो?
म्हटलं, फक्त उजव्या डोळ्याला.

प्रोजेक्टरवाले गोठणकर थर्मास घेऊन आले,
चहा ओतता ओतता म्हणाले,
उजेड सरळच येतो असं नाही बाई,
कधी पीळ घेऊन येतो.
दोरीला असतो ना, डावा पीळ, उजवा पीळ.
चष्म्याची एक काच ह्या पिळाची, एक त्या.
आणि ह्याच्या पाठीवर थरावर थर,
कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी बारीक,
प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा वळवून ठेवलेला.
वळत वळत पुरी गिरकी.
गोल जिनाच म्हणा.

गोल जिना मला माहीत आहे.
गिरगावात, इमारतीच्या मागच्या अंगाला, लोखंडी.
आई पहाटे त्यानंच वर जायची
चार मजल्यांचे संडास धुवायला.
पुढचा जिना सागवानी होता, सरळ होता,
तिच्यासाठी नव्हता.
मी तिच्या मागून, बादली धरून,
वळत, वळत,
प्रत्येक पायरीवर थोडंसं वेगळं आकाश.

रंग नाहीच म्हणे त्याच्या अंगात.
नुसती रचना.

मग बायकांच्या बाथरूममध्ये गेले, चष्मा लावून,
आरशासमोर एक डोळा मिटला.
उघड्या डोळ्याची काच काळीकुट्ट,
आणि दिसतोय तो मिटलेलाच.
घाबरले थोडी.
आरसा पीळ उलटवतो, गोठणकर म्हणाले,
डावा द्याल तर उजवा परत.
हा नाही उलटवत.
डावा आला तर डावाच परत देतो,
उजवा पोटात घालतो.

मी डावखुरी.
पाटीवर ह्या हातानं लिहिलं म्हणून बाईंनी पट्टी मारली,
ह्या हातानं वाढलं म्हणून आत्यानं चिमटा काढला,
डाव्या हाताची पोर उजवणार कशी, म्हणाली.
उजवली नाही, हे खरं आहे.
त्याचं कारण हात नव्हता.

त्या दिवशी सगळं तपासून पाहिलं.
नळ. डब्याचं झाकण.
फ्लेवियाच्या गळ्यातला क्रूस.
मॅनेजरच्या गाडीचं बॉनेट.
सगळं दोन्ही डोळ्यांना सारखं.
एवढ्या आवारात डावं-उजवं करणारा हा एकटा
आणि तोही डाव्याच्या बाजूनं.

बाराच्या सुमाराला तो उडाला.
पाठीची कवचं उघडलीसुद्धा नाहीत,
बाजूच्या फटीतून पंख काढले,
जिना तसाच पाठीवर घेऊन
पार्किंगवरून डोंगराकडे.
शेवटपर्यंत मी डाव्या डोळ्यानं पाहत होते.

संध्याकाळी मोजणीत चष्मे दोनशे पंधरा भरले.
एक कमी. दोघींच्या पगारातून कापतील.
फ्लेवियाला माझ्याकडून तिची अर्धी रक्कम देईन.
चष्मा माझ्या पिशवीत आहे, डब्याच्या खाली.
आईला काहीतरी दाखवायचंय.
काय, ते अजून ठरलं नाही.